वाचनालयाच्या वाड्यासाठी युनेस्कोच्या पुरस्काराचा अर्ज: तयारी कुठून सुरू करायची?

ओटा_ओसरी:

नमस्कार. तालुक्याच्या गावातला आमचा नोंदणीकृत सार्वजनिक न्यास आहे. कामं तीन: जुन्या इमारती जपणं, बारव (पायऱ्यांची विहीर) आणि ओढा स्वच्छ ठेवणं, आणि नगरपरिषदेच्या विकास आराखड्यात गावाचं म्हणणं वेळेत पोचवणं.

एका दुमजली वाड्याची दुरुस्ती डिसेंबर २०२३ मध्ये पूर्ण झाली. वाडा साधारण १८९० च्या दशकातला. दगडी जोतं, वर विटा-मातीच्या भिंती, सागवानी खांब आणि तुळया, कडीपाट (कड्यांवर फळ्यांचं लाकडी छत), मंगलोरी कौलं. २०२४ पासून तळमजल्यावर वाचनालय चालतं, वर अभ्यासिका. मालकी मूळ घराण्याच्या वारसांची, न्यासाकडे भाडेपट्टा.

युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धन पुरस्कारासाठी अर्ज करावा असं विश्वस्तांच्या मनात आहे. अडचणी अशा:

१) कामाआधीचे फोटो थोडेच आहेत, आणि तेही वेगवेगळ्या कोनांतून.
२) जोत्याच्या दरजांत (दगडांमधल्या सांध्यांत) गवंड्याने काही भागात सिमेंट भरलं आहे. ते लपवायचं नाही, पण अर्जात कसं लिहायचं?
३) आधी एखादा स्थानिक पुरस्कार घ्यावा की थेट इथे जावं?
४) विकास आराखड्याची फेरतपासणी सुरू होणार आहे. पुरस्काराचा तिथे काही उपयोग होतो का?

कडीपाट:

आधी पात्रता, म्हणजे बाकीची मेहनत वाया जाणार नाही.

हा पुरस्कार २००० पासून दिला जातो आणि युनेस्कोच्या बँकॉक कार्यालयातून चालतो. इमारत ५० वर्षांहून जुनी हवी. काम गेल्या १० वर्षांत पूर्ण झालेलं हवं आणि त्यानंतर ती किमान एक वर्ष प्रत्यक्ष वापरात असावी लागते. काम खासगी पुढाकाराचं किंवा खासगी-सरकारी भागीदारीचं असावं. तुमचा वाडा या सगळ्यांत बसतो. फॉर्म आणि शेवटची तारीख दर वर्षी नव्याने जाहीर होते, त्यामुळे मागच्या वर्षीचा फॉर्म भरत बसू नका.

मालकाची लेखी संमती लागते, आणि वारसांच्या वाड्यात नेमकं इथेच अडतं. मिळकत पत्रिका (सिटी सर्व्हेचा मालकीचा उतारा) काढून बघा. त्यावर दिवंगत व्यक्तींची नावं तशीच असतील तर आधी वारस नोंद करून घ्या, मग सगळ्या सहधारकांच्या सह्या. परगावी असलेल्या एका भावाची सही राहिली म्हणून अख्खा अर्ज थांबू शकतो. भाडेपट्टा एक वर्षाहून जास्त मुदतीचा असेल तर तो नोंदणीकृत असायलाच हवा. न्यासाच्या बाजूने विश्वस्त मंडळाचा ठराव आणि परिशिष्ट एकचा (धर्मादाय कार्यालयातल्या न्यासाच्या नोंदीचा, विश्वस्तांची नावं असलेला) ताजा उतारा जोडीला ठेवा. विश्वस्त बदलले असतील तर बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत जायला हवा होता. तो राहिला असेल तर आधी ते निस्तरा, नाहीतर सही करणाऱ्याचं नाव उताऱ्यावर नसतं.

आता परीक्षक काय बघतात. इमारत सुंदर दिसते एवढ्यावर तिथे भागत नाही. त्या जागेचं मोल तुम्हाला कळलं होतं का, साहित्य आणि कारागिरी योग्य होती का, नव्याने घातलेल्या गोष्टी जुन्या रचनेचा मान राखतात का, नवा वापर इमारतीला झेपतो का, पुढच्या देखभालीची सोय आहे का, आणि या कामामुळे परिसरात किंवा धोरणात काही बदललं का. शेवटचे दोन मुद्दे बहुतेक संस्था दोन ओळींत उरकतात. तुमच्याकडे नेमकं तेच भक्कम आहे: रोज चालणारं वाचनालय, शेजारची बारव, आराखड्यातला सहभाग. त्यावर जास्त पानं द्या.

रोख बक्षीस नसतं. विश्वस्त मंडळात ते आधीच स्पष्ट करा.

घाणीचा_चुना:

सिमेंटबद्दल. लपवायचं नाही हे तुमचं बरोबर आहे, पण नुसतं कबूल करून थांबू नका. काढता येत असेल तर अर्जाआधी काढा आणि काढण्याची नोंद अर्जात द्या. चूक कळली, कारण शोधलं, दुरुस्त केली, हे परीक्षकाला तांत्रिक समज दाखवतं.

काढायचं कारण नीट समजून घ्या. आपला काळा दगड पाणी फारसं शोषत नाही. जोत्यात जमिनीतून चढणारी ओल बाहेर पडते ती दरजांमधल्या चुन्यातून. दरजा सिमेंटने बंद झाल्या की ओल वर सरकते आणि विटा-मातीच्या भिंतीत शिरते. मग जोत्याच्या वर हात-दीड हातावर गिलावा फुगतो, पांढरा खार फुटतो, खांबाच्या बुडाशी लाकूड कुजायला लागतं. लोक त्या फुगलेल्या गिलाव्यावर पुन्हा सिमेंट मारतात आणि ओल आणखी वर जाते. तुमच्या भिंतीवर अशी रेघ दिसते का ते आत्ताच बघून फोटो काढा.

काढताना ग्राइंडर अजिबात नको, दगडाची कड कापली जाते आणि ती परत येत नाही. बारीक छिन्नी आणि हलका हातोडा घ्या. दरजेच्या रुंदीच्या दुप्पट खोली, निदान २५ मिमी. जिथे सिमेंट दगडाला इतकं धरून बसलंय की कड तुटेल, तिथे तसंच ठेवा आणि नकाशावर ती जागा खूण करून लिहा. सगळं काढलंच पाहिजे असा हट्ट धरून दगड फोडणं हे जास्त मोठं नुकसान.

भरायला: चुनकळी (भट्टीत भाजलेला, न विरलेला चुना) विरवून किमान १५ दिवस, जमलं तर दोन-तीन महिने पाण्याखाली मुरवलेला चुना. १ भाग चुना, ३ भाग धुतलेली वाळू. जमिनीलगतच्या ओल्या थरांत १ चुना, १ सुरखी (विटेची पूड), २ वाळू. सुरखी कमी भाजलेल्या विटेची हवी. भट्टीत कडक भाजलेल्या आजच्या विटेची पूड चुन्याशी नीट जुळत नाही, ती नुसती लाल वाळू ठरते. दरज आधी ओली करा, १०-१२ मिमीच्या थरांनी भरा, प्रत्येक थर ओढ घेऊ द्या. वर गोणपाट टाकून सात ते दहा दिवस ओलसर ठेवा. गोणपाट वाळलं की चुना भुसभुशीत राहतो आणि नखाने निघतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. मे महिन्यात पाणी उडून जातं, पावसात चुना वाहून जातो.

जुन्या चुन्याची तपासणी झाली नसेल तर आताही करा, न उकरलेल्या आतल्या जागेतून. तीन ठिकाणचे नमुने, प्रत्येकी साधारण १०० ग्रॅम, वाळवून वजन करा, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवा. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. हातमोजे, चष्मा, मोकळी हवा. जे उरतं ते गाळून वाळवलं की वाळूचं प्रमाण कळतं, आणि लाल बारीक पूड उरली तर मुळात सुरखी होती. एक सावधगिरी: वाळूत शिंपल्याचे तुकडे किंवा चुनखडी असेल तर तीही विरघळते आणि चुना उगाच जास्त दिसतो. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत करून घेतलंत तर अहवाल जोडता येईल.

नकाशावाला:

फोटो आणि नकाशांचं बघू.

कामाआधीचे फोटो वेगळ्या कोनांतले असले तरी चालतात. प्रत्येक जुना फोटो हातात घेऊन तो कुठून काढला ती जागा शोधा. खांब आणि खिडकी एका रेषेत कुठे येतात हे बघितलं की जागा बऱ्यापैकी सापडते. तिथून, त्याच उंचीवरून, दिवसाच्या त्याच वेळी आताचा फोटो काढा. जोडीला एक क्रमांक, आणि तो क्रमांक बाणासह तळमजल्याच्या नकाशावर. असे दहा-बारा पक्के जोड शंभर सुट्या फोटोंपेक्षा जास्त सांगतात. वाइड लेन्सने खोली मोठी दाखवू नका, रंग उजळ करू नका.

जुने फोटो मिळायच्या जागा: वारसांकडचे लग्न-मुंजीचे अल्बम (मागे ओसरी, देवघर, झोपाळ्याची कडी दिसते), सुताराच्या आणि गवंड्याच्या मोबाइलमधले कामाच्या दिवसांचे फोटो, मिरवणुकीचे फोटो. मोबाइलमधला फोटो मूळ फाइलच्या रूपात घ्या. व्हॉट्सॲपवरून आला की काढल्याची मूळ तारीख फाइलमध्ये राहत नाही.

नकाशे: परिसर १:५००, मजले, दर्शनी बाजू आणि छेद १:५०, कडीपाटाचा आणि खांब-तुळईच्या जोडाचा तपशील १:१०. दुरुस्ती दाखवताना नगरपरिषदेची सवयीची पद्धत वापरली तरी चालेल, काढलेलं पिवळं, नवीन लाल. सगळ्या पानांवर रंगांचा अर्थ एकच असू द्या. बदललेली प्रत्येक तुळई दाखवा. किती जुनं लाकूड जपलं आणि किती बदललं हा आकडा खणागणिक (खण म्हणजे दोन खांबांमधला भाग) द्या. ‘बहुतांश मूळ लाकूड’ असं मोघम लिहिलं की तिथेच शंका येते.

अर्ज इंग्रजीत जातो. भाषांतर करणाऱ्याला वाड्यातून एकदा फिरवून आणा. ओसरी, सोपा आणि माजघर या तिन्हींना एकच शब्द वापरला तर वाड्याची रचनाच हरवते. मराठी शब्द ठेवून एकदा अर्थ द्या.

आधी स्थानिक पुरस्कार घ्यावा का? माझं मत, गरज नाही. तशी अट नाही आणि एक वर्ष जातं.

कडीपाट:

@नकाशावाला, अट नाही हे खरं, पण मी थोडं वेगळं सांगेन. इन्टॅकच्या (वारसा जपणारी देशपातळीवरची संस्था) जवळच्या शाखेला निदान वाडा दाखवून घ्या. पुरस्कारासाठी म्हणून नव्हे, बाहेरच्या जाणत्या नजरेसाठी. कामात गुंतलेल्यांना खिडकीवरचा एसीचा डबा आणि दर्शनी भिंतीवरची केबल दिसेनाशी होते. परीक्षकाला फोटोत आधी तीच दिसते.

पुढाकार कोणाचा आणि इमारत कोणाची, हे वेगळं असलं तरी अडत नाही. मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाला २००५ मध्ये हाच पुरस्कार, सर्वोच्च श्रेणी मिळाली. तिथे इमारत महापालिकेची, सोबत इन्टॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन, आणि सगळं लेखी कराराने. भायखळा स्थानकाच्या २०२२ च्या पुरस्कारातही रेल्वेबरोबर एक ना-नफा संस्था होती. तुमच्याकडे वारस आणि न्यास आहेत, म्हणजे करार जितका स्पष्ट तितकं बरं. देखभाल कोण करणार, पट्टा संपल्यावर काय, हे त्यात असू द्या.

ओटा_ओसरी:

फार उपयोगी पडलं. सिमेंट नोव्हेंबरात काढायला घेऊ. देखभालीच्या तरतुदीत नेमकं काय लिहायचं? आणि आराखड्याचा प्रश्न राहिला.

झोन_दाखला:

देखभाल आधी. ‘न्यास नियमित देखभाल करेल’ हे वाक्य नको, वेळापत्रक द्या. एप्रिल-मेमध्ये शाकारणी: फुटकी कौलं बदलणं, कोनांची कौलं चुन्यात बसवणं, पन्हळी मोकळ्या करणं. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी माळ्यावर चढून ओलीच्या जागा नकाशावर टिपणं. ऑक्टोबरात जोतं, दरजा आणि खांबांच्या बुडाची तपासणी, वाळवीच्या मातीच्या नळ्या शोधणं. पुस्तकांची कपाटं बाहेरच्या भिंतीपासून निदान चार बोटं दूर, आणि वरच्या मजल्यावर वजन कुठल्या तुळयांवर येतं याची नोंद. वाचनालयाच्या वाड्यात हा मुद्दा निघणारच, कारण हे लाकूड घरच्या वापराच्या हिशोबाने घातलेलं असतं. जाड पुस्तकं खाली, अभ्यासिका वर, ही तुमची मांडणी योग्य आहे, ती का केली तेही लिहा. प्रत्येक कामापुढे खर्च कुठून येणार ते लिहा.

आराखडा. पुरस्काराने कायदेशीर संरक्षण मिळत नाही, हे विश्वस्तांना आणि गावालाही स्पष्ट सांगा. तो मिळाला म्हणून वाडा ‘जागतिक वारसास्थळ’ होत नाही, ती वेगळी यादी आणि वेगळी प्रक्रिया. मुंबईच्या डेव्हिड ससून वाचनालयावरून फरक नीट कळतो: ते २०१८ मध्ये व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहातून जागतिक यादीत आलं आणि दुरुस्तीसाठीचा पुरस्कार त्याला २०२३ मध्ये स्वतंत्रपणे मिळाला. युनेस्कोचं नाव आणि बोधचिन्ह पाटीवर, पावत्यांवर परस्पर छापू नका, त्याला परवानगी लागते.

संरक्षण मिळतं ते स्थानिक वारसा यादीतून. मुंबईची वारसा नियमावली १९९५ ची. मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागाला २०२० ची एकत्रित नियमावली लागू आहे आणि तिच्यातही वारसा यादीची तरतूद आहे. नगरपरिषदेने यादी केली नसेल तर ती करण्याची लेखी मागणी न्यासाने करावी, आणि एकट्या वाड्याची नव्हे. वाडा, बारव, त्यांच्यामधली गल्ली आणि ओढ्याचा काठ एकत्र मागा. मोजलेले नकाशे तुमच्याकडे तयार असतील, तेच जोडा. यादीवर हरकती मागवल्या जातात आणि सर्वांत मोठी हरकत शेजारच्या घरमालकांची असते, ‘आता आम्हाला खिळाही मारता येणार नाही’. वारसा यादीच्या श्रेणी तीनमध्ये (सर्वांत सौम्य निर्बंधांची श्रेणी) काय करता येतं, काय येत नाही, हे त्यांच्याशी आधी घरी जाऊन बोला.

त्याआधी एक काम उद्याच करा: वाड्याचा झोन दाखला (जागा आराखड्यात कुठल्या वापराच्या विभागात येते त्याचा दाखला) आणि सध्याच्या मंजूर आराखड्याचा भाग नकाशा काढा. जुन्या पेठांत रस्ता रुंदीकरणाची रेषा बऱ्याचदा ओट्यावरून किंवा पहिल्या खणातून जाते. तशी असेल तर फेरतपासणीचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर मुदतीत लेखी सूचना द्या, पोच घ्या, आणि सुनावणीला माणूस नकाशासह हजर ठेवा. मुदत हुकली आणि आराखडा मंजूर झाला तर मग महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खालचा किरकोळ फेरबदल हाच रस्ता उरतो. तो शासनाच्या मंजुरीपर्यंत जातो आणि रेंगाळतो.

शिवाय, बारवेपासून किंवा वाड्यापासून ३०० मीटरच्या आत केंद्र संरक्षित स्मारक आहे का ते बघा. पहिले १०० मीटर प्रतिबंधित, पुढचे २०० नियंत्रित. त्या पट्ट्यात दुरुस्तीलाही परवानगी लागते. तसं असेल आणि परवानगी घेतलेली नसेल तर नोव्हेंबरातलं सिमेंट काढण्याचं काम सुरू करण्याआधी अर्ज टाका.