मदत हवी आहे: सहा महिन्यांच्या बाळासाठी पाळणाघर
ताई-दादांनो, जरा सल्ला द्या. मी नाशिकला सातपूर एमआयडीसीत अकाउंट्सला आहे, राहायला इंदिरानगरला. २६ आठवड्यांची पगारी रजा पुढच्या महिन्यात संपतेय. घराचा हप्ता माझ्या पगारातून जातो, म्हणून सासूबाई सगळ्यांना सांगतात, "बिचारीला करावी लागते नोकरी." खरं सांगू? हप्ता नसता तरी मी गेलेच असते. (हे घरात बोलायची सोय नाही!)

आमच्या कंपनीत ५० च्या वर माणसं आहेत, म्हणजे कायद्याने पाळणाघराची सोय हवी. विचारलं तर नुसतं "बघू". कुणी लेखी अर्ज देऊन ती मिळवलीय का? आणि सातपूर-अंबडकडे संध्याकाळी सातपर्यंत तान्हं बाळ सांभाळणारं कुणी खात्रीचं माहीत असेल तर सांगा.