एसटी स्टँडसमोरचे ठेले हटवून गाळे: हरकतीत काय मागावं?

प्रश्न: तालुक्याचं गाव, नगरपंचायत. स्टँडसमोर दुमजली गाळ्यांचा प्रस्ताव आहे. गावात दोन तट पडलेत. हरकत कशावर घ्यावी?

उत्तर १: भाऊ, आधी ठेलेवाल्यांचं सर्वेक्षण मागा. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार ते होऊन विक्री प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला उठवता येत नाही. नंतरही हलवायचं तर ३० दिवसांची नोटीस लागते. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेते हवेत, त्यात एक तृतीयांश महिला. समिती कागदावरच असेल तर तिथेच पकडा.

उत्तर २: चहा-पानाचं गिऱ्हाईक जिना चढत नाही, बस सुटेल ना! ठेलेवाल्यांना तळमजलाच मागा. वर कोचिंग, झेरॉक्स चालेल. पायाही बघा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भिंतींना तडे जातात. पाया मुरमापर्यंत न्यायला लावा. डांबराचे थरावर थर चढले की रस्ता वर, गाळे खाली, अन् पाणी दुकानात. जुना थर खरवडूनच नवा टाकावा, हे निविदेत लिहून घ्या.

उत्तर ३: कापसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉली वळेल का, ते नकाशावर तपासा. अन् गाळ्याची अनामत हप्त्यांत मागा, एकरकमी झेपत नाही.