स्विस स्पेअरसाठी रशियाबाबतचं हमीपत्र: सही करू का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं टर्निंगचं वर्कशॉप आहे. स्विस बनावटीचं जुनं स्लायडिंग हेड मशीन आहे, त्याच्या स्पिंडलचा ड्राइव्ह गेला. तिकडून कोटेशन मागवलं तर सोबत हमीपत्र: माल रशियाला जाणार नाही, तिकडे पाठवणाऱ्याला विकणार नाही, अंतिम वापर कुठे ते लिहून द्या. जर्मन कंपनीने मागितलं असतं तर काही वाटलं नसतं, पण हे तर १८१५ पासूनचे तटस्थ!

थोडं वाचलं. १९०७ च्या हेग करारानुसार तटस्थ देशाने युद्धात उतरायचं नाही, लढणाऱ्या बाजूला सैन्य किंवा सरकारी शस्त्रं द्यायची नाहीत. आर्थिक निर्बंधांना त्यात आडकाठी नाही. स्वित्झर्लंडची चाल मात्र बदलत गेलीय. १९९० मध्ये इराकवरचे निर्बंध त्यांनी स्वतःहून लावले, तेव्हा ते संयुक्त राष्ट्रांचे सभासदही नव्हते (ते २००२ मध्ये झाले). २०१४ ला रशियाने युक्रेनचा क्रिमिया घेतल्यानंतर युरोपीय संघाचे निर्बंध जसेच्या तसे घेतले नाहीत, फक्त आपल्याकडून पळवाट निघणार नाही एवढं पाहिलं. २८ फेब्रुवारी २०२२ ला मात्र सरळ संघाचेच निर्बंध स्वीकारले. तरी त्याच वर्षी जर्मनीकडच्या स्विस दारूगोळ्याला युक्रेनला जायला परवानगी नाकारली. पैसा गोठवायला हरकत नाही, गोळ्या नकोत. मला यात ढोंग वाटत नाही, रेघ कुठे मारलीय ते कळतं.

माझी अडचण वेगळी आहे. हमीपत्रात 'वस्तू व तिच्या साहाय्याने केलेले उत्पादन' अशी एक ओळ आहे. ड्राइव्ह मशीनमध्येच बसणार, त्याचं काही नाही. पण त्या मशीनवर निघणाऱ्या पिना चाकणच्या गिऱ्हाइकाला जातात. तो पुढे कुठे निर्यात करतो ते मी कसं सांगू? ही ओळ खोडून सही केली तर चालते का, की ऑर्डरच रद्द होते?

शिवाय भारत फक्त संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध मानतो. मग हे हमीपत्र आपल्याकडे नुसता दोघांमधला करार ठरेल, की आणखी काही? सीए म्हणतो, डोळे झाकून सही कर. तो असं प्रत्येक कागदाला म्हणतो.

निर्बंधांची अंमलबजावणी बर्नचं सेको हे सरकारी खातं बघतं. त्यांना कुणी थेट मेल केलाय का? आणि पुण्यात आयात-निर्यातीचे करार बघणारा वकील माहीत असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा. मशीन बंद आहे, त्यामुळे जरा घाई आहे. हवं तर कंपनीचं नाव झाकून ते पान इथे टाकतो.