ड्रेन बोल्टचे आटे गेले आहेत : हेलिकॉइल की मोठा बोल्ट?

नमस्कार. गुहागरला वापरात असलेल्या माझ्या १५० सीसी मोटारसायकलचे ऑइल बदलल्यापासून ड्रेन बोल्टच्या (जुने ऑइल काढण्यासाठी इंजिनच्या तळाशी असलेल्या बोल्टच्या) कडेने थेंब धरतो आणि रात्रभरात खालच्या पुठ्ठ्यावर रुपयाएवढा डाग पडतो. तांब्याचा वॉशर नवा घातला, तरी बोल्ट आवळताना घट्ट होण्याऐवजी नुसता फिरतो. काढल्यावर त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमचा चकचकीत कीस दिसला, म्हणजे बोल्ट जिथे बसतो त्या इंजिनच्या ऑइल चेंबरचेच आटे गेले असावेत. टेफ्लॉन टेप लावण्याचा सल्ला मिळाला, परंतु तुकडा आत गेल्यास ऑइलची वाट तुंबेल, म्हणून तो उपाय मला नको आहे. चिपळूणपर्यंत गाडी टेम्पोतून नेता येईल. इंजिन न उघडता हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी) बसवणे टिकाऊ ठरेल, की नवे आटे पाडून एक माप मोठा बोल्ट घालावा, आणि त्या वेळी कीस आत पडू नये म्हणून काय करावे?