मदत हवी आहे: वर्कस्पेसची संख्या कायम ठेवावी की आपोआप बदलू द्यावी?

लिनक्सच्या एका हलक्या विंडो मॅनेजरसाठी (पडद्यावर विंडो मांडणारा प्रोग्रॅम; सध्या फक्त एक्स११ या डिस्प्ले प्रणालीवर) वर्कस्पेसची, म्हणजे विंडो वेगवेगळ्या ठेवायच्या आभासी पडद्यांची, रचना ठरवायची आहे. पाया पक्का आहे: आडवी ओळ, सुपर (विंडोज चिन्हाची कळ) + १ ते ४ ने थेट उडी, सोबत शिफ्ट दाबलं की समोरची विंडोही तिकडे जाते. पॅनेलवर आकड्याबरोबर नावही दिसतं. नुसत्या आकड्यावरून कुठे काय उघडलंय ते कुणाच्या लक्षात राहतं?

खरी अडचण संख्येची. नोम (GNOME) या लिनक्स डेस्कटॉपच्या डायनॅमिक (आपोआप बदलणाऱ्या) पद्धतीत मधली वर्कस्पेस रिकामी झाली की ती नाहीशी होते आणि पुढच्यांचे क्रमांक एकेक मागे सरकतात. मग सुपर + ३ भलतीकडेच नेतं. मॅकओएसमध्ये अलीकडच्या वापरानुसार क्रम बदलणारा पर्याय चालू असला की तीच गत. बोटांची सवय मोडली की लोक वर्कस्पेस वापरणंच सोडतात, असं माझं मत. म्हणून कल ४ कायमच्या जागांकडे आहे. पण पाचवी हवी झाली तर ती शेवटी जोडून रिकामी झाल्यावर काढावी, की तशीच ठेवावी?

दुसरं, मेलमधल्या लिंकवर क्लिक केलं आणि ब्राउझर २ वर असेल, तर तिकडे उडी मारावी, ब्राउझर इकडे आणावा, की पॅनेलवर २ चा आकडा फक्त चमकवावा? उडी मारली तर परत यायला एकच कळ हवी. सुपर + टॅब आधीच विंडो बदलायला गुंतलंय.

दोन मॉनिटरवर दोन्ही पडदे एकत्र बदलावेत की वेगवेगळे? प्रत्यक्ष वापरणाऱ्यांवर हे तपासून पाहिलेल्यांनी कृपया सांगा.