निकालपत्राचा युक्तिवाद सॉफ्टवेअरनं तपासावा का?

वाटपदावा: कोल्हापुरात सीपीआर दवाखान्यासमोर मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच 18 ऑगस्ट 2025 ला सुरू झालं, मुंबईच्या खेपा वाचल्या. पण निकालातल्या विसंगतीचं काय? बहिणींच्या हिश्शाचंच बघा. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क मिळाला. फुलवती निकालात (2015) सर्वोच्च न्यायालय म्हणालं, 9 सप्टेंबर 2005 ला बाप हयात पाहिजे. दानम्मा निकालात (2018) बाप 2001 लाच वारलेला, तरी लेकींना हिस्सा. आणि गंमत म्हणजे त्यात फुलवतीचाच आधार घेतलेला! ऑगस्ट 2020 ला हा घोळ मिटवणारा विनीता शर्मा निकाल येईपर्यंत खालच्या कोर्टांनी धरायचा कुठला? युक्तिवाद जर-तरच्या नियमांत मांडला असता तर सॉफ्टवेअरनं ही गाठ पहिल्याच दिवशी दाखवली असती. ब्रिटनचा नागरिकत्व कायदा 1986 मध्येच प्रोलॉग या संगणकी भाषेत असा मांडून झालाय.

बाररूमचा_चहा: गाठ वकिलांनाही दिसली होती, भावा. सोडवायला तीन न्यायमूर्तींचं पीठ बसावं लागलं. आणि मुदत कायद्यातलं कलम 5 घे. उशीर माफ करायला 'पुरेसं कारण' लागतं. 2019 च्या पुरानंतर माझ्याकडं शिरोळचा एक पक्षकार आला. अपिलाला नऊ दिवस उशीर. पिशवीतून त्यानं सातबारा काढला, उन्हात वाळवून पापड झालेला, शिक्का पार फुटलेला. 'जर पूर तर माफी' लिहिशील, मग पन्हाळगडावर राहणाऱ्यालाही माफी?

वाटपदावा: पन्हाळ्याचा माणूस तुम्ही वेगळा काढलात तो कुठल्या नियमानं? पाणी दारात आलं होतं का, हाच ना? तेवढाच मला लिहून पाहिजे.

उसाची_मोळी: त्याच्या आधीचं बोला. दोनशे पानी निकालात गाभा कुठला आणि न्यायमूर्ती जाता जाता बोलले ते कुठलं, हे मशीनला सांगणार कोण? वकील भांडतात ते तिथंच. केरळ उच्च न्यायालयानं 2025 मध्ये जिल्हा न्यायालयांना बजावलंय, निष्कर्ष किंवा निकाल काढायला एआय वापरायचं नाही. बरोबरच केलं.

वाटपदावा: निकाल द्यायला कोण सांगतंय? दिलेला तपासायचाय.

बाररूमचा_चहा: मग तुझा दाराचा नियमच तपास की. त्या आठवड्यात पन्हाळ्याच्या वाटेवर केर्लीला रस्त्यावर पाणी होतं. गडावरच्याचं दार कोरडं, पण तो कोर्टात येणार कसा?

वाटपदावा: बरं, 'किंवा रस्ता बंद' जोडलं.

बाररूमचा_चहा: जोड. आणि वकिलाचं ऑफिस बुडलं असेल तर? माझं बुडलं होतं.