प्रति: माकडं वाचली, मग औषध द्यायला उशीर का?

माकडं शंभर टक्के वाचली तर माणसांना औषध द्यायला एवढे आढेवेढे कशाला, असं वर विचारलंय. इबोलात नेमकं हेच घडलं होतं. संसर्गानंतर तिसऱ्या दिवशी रेम्डेसिविर हे विषाणूरोधक औषध सुरू केलेली रीसस माकडं सगळी जगली. हा अभ्यास २०१६ चा. पुढे काँगोतल्या चाचणीत मात्र हेच औषध घेतलेल्यांपैकी ५३ टक्के दगावले. प्रतिपिंडांच्या (अँटिबॉडीच्या) औषधांपैकी दोन सरस ठरली, त्यांच्या गटांत ३५ टक्क्यांच्या आसपास.

एक कारण वेळेचं. प्रयोगशाळेत विषाणू कधी टोचला हे घड्याळ लावून माहीत असतं. पेशंट ताप अंगावर काढून, गावात दोन इंजेक्शनं घेऊन मग येतो. आपल्या नागपूरकडच्याच चांदीपुराचं बघा (१९६५ मध्ये इथल्याच रुग्णांत सापडलेला विषाणू). पोराला ताप, मग झटके, आणि २४ ते ४८ तासांत सगळं आटोपू शकतं. गावाहून मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात) आणेपर्यंतच किती वेळ जातो! म्हणून उंदरांवरचा कुठलाही निकाल वाचताना पहिला डोस कधी दिला ते आधी बघा.

तरी यावरून प्राण्यांवरचे प्रयोग टाकाऊ ठरवणं काही पटत नाही बाप्पा. देवीचा रोगीच उरला नाही, म्हणून टेकोविरिमॅट या देवीवरच्या औषधाला अमेरिकेत २०१८ मध्ये मंजुरी मिळाली ती प्राण्यांतल्या परिणामावरच. माणसांत रोगावरचा परिणाम नव्हे, सुरक्षितता तपासली होती.